आमचं रगत कायले पायजे जी?

मोबाइल घरीच ठेवा. आपण जिथं निघालोय तिथून नागपूरला फोन करायचा तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावं लागतं. सुती कपडे घाला, डोक्याला दुपट्टा गुंडाळा आणि खिशात एक कांदा टाका. कांदा जवळ असला की लू लागत नाही म्हणतात. खरं-खोटं डॉक्टरांनाच विचारू, त्यांच्याकडेच तर चाललोय. साल 1987, महिना मे.

चंद्रपूरच्या स्टँडवर दुपारचे बारा वाजलेत. पारा 46 च्या पुढे गेलाय आणि डांबर चपलेला चिकटतंय. हवेत कोळशाची बारीक धूळ आहे. नाक पुसलंत तर रुमाल काळा होईल. घाबरू नका, इथं सगळ्यांचाच होतो. गडचिरोलीची लाल गाडी लागली की दाराकडे धावायच्या भानगडीत पडू नका. खिडकीतून दुपट्टा टाका, सीट धरा, मग चढा. बसलात? आता पायाशी कोणाचं तरी तांदळाचं पोतं येईल, मांडीला कोंबडीची टोपली लागेल आणि खांद्यावर एक अनोळखी पोर झोपी जाईल. कंडक्टर पंच टिकटिकवत येतोय. "सुट्टे काढा जी, सुट्टे!"

मूल गाव गेलं, मागोमाग सावलीही गेली. खिडकीतून येते ती नुसती झळ. दोन्ही अंगाला पानगळ झालेला साग उभा आहे. मोहफुलांचा हंगाम सरलाय, तरी अंगणांत वाळत पडलेल्या फुलांचा गोड-आंबूस वास गाडीत शिरतो आणि घामाच्या वासात मिसळतो. मग वैनगंगा. या दिवसांत नदी म्हणजे वाळूच वाळू, मध्ये पाण्याची एक धार आणि त्या धारेत शिंगांपर्यंत बुडालेल्या म्हशी. तुम्हालाही उतरून त्यांच्या शेजारी बसावंसं वाटेल. नको. सुमारे 80 किलोमीटरचा प्रवास संपत आलाय. पलीकडे गडचिरोली, जिल्हा होऊन अजून पाच वर्षंही झालेली नाहीत.

उतरलात की तेंदूपत्त्याचं जुनं गोदाम विचारा. दार ढकललं की पहिल्यांदा नाकाला कळतं, आत वर्षानुवर्षं काय भरलं होतं ते: कोरडा, तुरट, घशात बसणारा वास. बाहेर मजुरांच्या डोक्यावर या वर्षीच्या पानांचे पुडे चाललेत. आत मात्र विड्यांचं काहीच नाही. टेबलं आहेत, नोंदवह्या आहेत, काचेच्या नळ्या आहेत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेल्या एका डॉक्टर जोडप्यानं इथं संशोधनाचं बस्तान मांडलंय. डॉ. अभय बंग वर्ध्याचे, डॉ. राणी बंग माहेरच्या चंद्रपूरच्या. दोघंही नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले. संस्थेचं नाव 'सर्च'.

पाहुणा म्हणून खुर्चीत बसायची सोय इथं नाही. तुम्हाला लगेच कामाला लावतील. कोपऱ्यात घासलेटचा स्टोव्ह भरभरतोय आणि त्यावरच्या डब्यात काचेच्या सिरिंजा, सुया उकळताहेत. फेकून द्यायची प्लास्टिकची सिरिंज अजून इकडे सर्रास पोचलेली नाही. एकच सुई धुवायची, धार बघायची, उकळायची, पुन्हा वापरायची. चिमट्यानं एकेक उचला. हात भाजला? फुंकर मारा आणि पुढची उचला.

आता बोट पुढे करा. हो, तुमचंच. ज्यानं स्वतःचं बोट टोचून घेतलेलं नाही त्यानं गावात जाऊन दुसऱ्याचं टोचू नये. स्पिरिटचा गार बोळा, एक टोच आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचा एक थेंब मिसळा. हे द्रावण रोज ताजं करावं लागतं, कालचं चालत नाही. वरून पातळ काच ठेवा आणि कडांना व्हॅसलीन लावून हवा बंद करा. द्रावण रक्तातला प्राणवायू ओढून घेतं आणि बाहेरचा आत येऊ शकत नाही. लाल पेशीचा श्वास कोंडायचा आणि ती काय करते ते बघायचं, एवढीच युक्ती.

अर्धा तास थांबा. वीज गेलीय, पण काम अडत नाही. सूक्ष्मदर्शक खिडकीशी न्या आणि खालचा आरसा फिरवून उन्हाची तिरीप नेमकी काचपट्टीवर घ्या. डोळा लावा. घाम भिवईवरून थेट भिंगावर गळतो, तो पुसा. दिसल्या? गोल, फिकट, एकमेकींना ढुशा देणाऱ्या. कितीही वेळ बघा, गोलच राहतात. तुम्ही सुटलात.

आता शेजारची काचपट्टी घ्या. ती एका गावातल्या पोराची आहे. तिच्यावर त्याच्या रक्ताचा ताजा थेंब आहे. आधी सगळं तुमच्यासारखंच दिसेल. मग एखादी पेशी लांबट होते, तिची टोकं अणकुचीदार होतात आणि ती वाकते. बघता बघता सगळं वर्तुळ धान कापायच्या विळ्यांनी भरून जातं. म्हणून सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या लांबलचक साखळीतला एकच दुवा बदललेला असतो, पण प्राणवायू कमी झाला की तेवढ्या चुकीनं हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कडक होतात. निरोगी लाल पेशी 120 दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त नाही, डोळे पिवळे, आणि बारीक वाहिन्यांत अडकलेल्या पेशींमुळे हाडं फोडणारी वेदना.

या विळ्याचा शोध गोदामात लागलेला नाही. भारतात तो पहिल्यांदा दिसला 1952 साली, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींच्या रक्तात. लेहमान आणि कटबुश यांना. विदर्भातली नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांची. त्यांचा निबंध 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पण रोग कागदावर येणं वेगळं आणि तो कोणत्या गावात, किती घरांत आहे हे कळणं वेगळं. त्यासाठी गावात जावं लागतं. उठा, झोळी उचला.

संध्याकाळ झाली तरी धूळ अजून तापलेली आहे. गाव कुडाच्या भिंतींचं, शेणानं सारवलेल्या अंगणांचं. पाण्याचा गडू पुढे येतो, प्या. "जोहार" म्हणा, उत्तर मिळेल. पोरं तुमच्या चष्म्याभोवती जमतील, कुत्री पिशवी हुंगतील आणि एक डुक्कर अगदी निवांत तुमच्या दोन पायांमधून निघून जाईल. पाराखाली सतरंजी टाकली जाते, कंदील लागतो, वही उघडते. नाव काय, बापाचं काय, पोरं किती, गेली किती. शेवटचा प्रश्न विचारताना तुमचा आवाज खाली येतो. उत्तर देणारीचा येत नाही. "तीन हायेत, दोन गेले," असं ती शेळ्या मोजाव्यात तसं सांगते आणि पदरानं नाक पुसते.

मग सिरिंज बाहेर निघते आणि सतरंजी रिकामी होते. मघाशी गर्दी करणारी माणसं एकदम चार पावलं मागे. एक म्हातारी तेवढी बसून राहते. कानात बाळ्या, गोंदलेले हात, तोंडात तंबाखू. ती तुमच्याकडे नीट बघते आणि विचारते, "आमचं रगत कायले पायजे जी?"

सांगा ना. शहरातून आलाय, शिकलेले आहात. तुम्ही हिमोग्लोबिन म्हणता, दुभाषा गोंडीत काहीतरी दुसरंच म्हणतो. तुम्ही आनुवंशिक म्हणता. ती शेजारणीकडे बघून हसते. मागून कोणीतरी विचारतं, "इकता का नेऊन?" सगळे हसतात, पण त्या हसण्यात थोडी भीतीही आहे. बाटली भरून रक्त नेणारी माणसं परत काही घेऊन येतात, असा इथला अनुभव नाही. शेवटी म्हातारीच बाही सरकवते. पटलं म्हणून नाही. पाहुणा घामाघूम झालाय, त्याची दया येऊन.

रात्री इथंच झोपायचंय. बाजेवर पडा. डासांना तुमच्या ताज्या शहरी रक्ताचं फार कौतुक आहे, हातांनी कितीही वारा. आता यांच्यावर चिडू नका, कारण विळा या जंगलात रुजला तो यांच्यामुळेच. आईकडून किंवा बापाकडून एकच सदोष जनुक आलं तर माणूस वाहक होतो. तो सहसा ठणठणीत असतो, आणि जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. जिथं मलेरिया पोरं नेतो तिथं वाहक टिकतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते जनुक वाढत जातं. हिशेब चुकता होतो तो दोन वाहकांच्या घरी. त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळण्याची शक्यता चारात एक.

मध्यरात्री तुम्हाला रडण्याचा आवाज येईल. उठा, शेजारच्या घरात चला. दोन वर्षांचं पोर आहे. दोन्ही हातांची बोटं सुजलीत, स्पर्श केला की किंचाळतं. घरात धुराचा, लसणाच्या तेलाचा आणि तापल्या अंगाचा वास. बाप पुजाऱ्याला बोलवायला गेलाय, आई पोराला छातीशी धरून हलते आहे, आणि पोर हलवलं की जास्त रडतंय. गावात याला वात म्हणतील, कोणी बाहेरचं म्हणतील. तुम्ही झोळीतली नळी आठवा. तिच्यात या वेदनेचं नाव आहे, औषध नाही.

आता एक उडी मारू, फार लांब नाही. दोन महिने पुढे.

थंडी वाजली? वाजणारच. जुलै लागलाय, तुम्ही गुडघाभर पाण्यात बांधीत उभे आहात आणि हातात धानाच्या रोपांची पेंडी आहे. रोवणी सुरू आहे. वरून पावसाची झड, खाली गार चिखल, पाठ सरळ करायला फुरसत नाही. बायकांची रांग गाणं म्हणत मागे मागे सरकते आणि तुमच्यामुळे त्यांची ओळ वाकडी झालीय म्हणून तुम्हाला मनसोक्त बोलणी बसताहेत. रांगेच्या टोकाला एक मुलगी थांबली. मांड्या धरून बांधावर बसली. "आळशी आहे," कोणीतरी म्हणतं. दरवर्षी रोवणीत हिचं असंच होतं, उन्हाळ्यात पानं तोडतानाही होतं. मे महिन्यात घामानं अंगातलं पाणी आटतं, जुलैत गारठ्यानं वाहिन्या आकसतात. विळ्यांना अडकायला दोन्ही ऋतू सारखेच. तिला पाणी पाजा, कोरड्यात न्या, ऊब द्या, दुखणं कमी करणारी गोळी द्या. एवढं केलं तरी तिच्या आयुष्यातली एक रात्र सोपी होते. आणि बांधावरच्या बायकांना सांगा, ही आळशी नाही.

आता दवाखान्याच्या ओपीडीत या. कौलांवर पाऊस वाजतोय, बाकड्यावर ओल्या घोंगड्यांचा वास आहे. रांगेत एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा बसलाय. त्याचाही सांधा सुजलाय, उजवा गुडघा. तुम्ही आता शहाणे झालात, लगेच काचपट्टी उचलता. थांबा. डोळे पिवळे नाहीत. ताप नाही. परवा झाडावरून उतरताना जरासा आपटला, एवढंच निमित्त. गुडघा गरम आहे, टणक आहे, वाकत नाही. आई सांगते, दात पडला तेव्हा दोन दिवस रक्त गळत होतं. आणि तिचा भाऊ? लहानपणीच गेला, पायाला कुऱ्हाड लागून.

इथं बोटातला थेंब पुरत नाही. शिरेतून 2 मिलिलिटर रक्त घ्या आणि कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत सोडा. काचच हवी, काचेला लागून रक्त गोठायला सुरुवात होते. नळी सरळ उभी ठेवा. घड्याळ बघा. हलवू नका, मोह होईल तरी. पाच मिनिटं. बाहेर कोणीतरी खोकतंय. दहा मिनिटं. पोर गुडघ्यावर हात ठेवून तुमच्याकडे बघतंय. वीस मिनिटांनी नळी तिरकी करा. तुमचं रक्त असतं तर तळाशी घट्ट बसून राहिलं असतं. याचं भिंतीवरून ओघळतं, पातळ, लालभडक.

पावसाळ्यात ही नळी इथं आणखी एका कामाला येते. घोणस चावलेल्या माणसाचं रक्तही असंच वाहतं, कारण तिचं विष रक्त गोठवणारे घटक एका झटक्यात वापरून संपवतं. हेच विष 1934 मध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट या इंग्रज संशोधकांनी अगदी सौम्य करून हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावलं होतं आणि रक्त थांबवून दाखवलं होतं. आपल्या शिवारातल्या रसेल्स व्हायपरचंच विष. तुमच्या पुढ्यातल्या पोराला साप चावलेला नाही. त्याच्या रक्तात रक्त गोठवणारा आठवा घटक जन्मापासूनच नाही, किंवा नववा. आठवा नसेल तर हिमोफिलिया ए. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. दोष बहुधा आईकडून येतो. तिला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला तो असण्याची शक्यता निम्मी.

आता घाई करायची ती न करण्याच्या गोष्टींची. गुडघा चोळू नका. स्नायूत इंजेक्शन देऊ नका. अॅस्पिरिन नको. आणि बाप डाग द्यायला तापलेला विळा काढत असेल तर त्याचा हात धरा. गुडघ्याला आधार द्या, पाय वर ठेवा, गार पट्टी बांधा. औषध? ते नागपूरला आहे. ताज्या रक्ताचा प्लाझ्मा गोठवायचा, मग सावकाश वितळवायचा, आणि तळाशी जो पांढुरका साका उरतो तो द्यायचा. त्याला क्रायो म्हणतात. अमेरिकेतल्या ज्युडिथ पूल यांनी 1960च्या दशकात ही युक्ती शोधली. पण साका गोठलेलाच ठेवावा लागतो, आणि इथं गोदामातली वीज गेली की साधं पाणीसुद्धा गार राहत नाही. म्हणून पोरालाच न्यायचं: आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड, प्रत्येक खड्ड्याला सुजलेला गुडघा दणकत. बाप विचारतो, किती दिवस लागतील? रोवणी सुरू आहे. तुम्ही उत्तर द्या.

सर्वेक्षण संपतं. वह्या भरतात. या पट्ट्यात विळा घराघरांत आहे, हे आता सांगोवांगीचं राहिलेलं नाही. पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांच्या पाहण्यांमध्ये माडिया, परधान, भिल्ल, पावरा, ओतकर या जमातींत सिकलसेलच्या वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्के निघालं. संशोधकाच्या आयुष्यात याहून मोठी दिवाळी कोणती? तुम्ही अहवाल घेऊन उड्या मारत गावात जाल. सगळ्यांना पाराखाली बोलवाल. सांगाल की तुमच्या रक्तात आम्हाला हे सापडलं.

लोक ऐकून घेतात. पान लावतात. मग एक जण जांभई देतो, दुसरा विचारतो, "यावर दवाई हाय का?" रोग मुळापासून बरा करणारी नाही, असं तुम्ही सांगता. मंडळी उठते. त्यांना पोरांचा खोकला सांगायचा होता, बाळंतपणात गेलेली सून सांगायची होती, नवऱ्याची दारू सांगायची होती. ते कोणी विचारलंच नव्हतं.

या गोदामातून सुरू झालेली कहाणी इथंच वळली. सिकलसेलचं संशोधन आपल्या कुतूहलापोटी झालं, लोकांच्या गरजेपोटी नाही, हे अभय बंग यांनी पुढं स्वतःच लेखनातून आणि भाषणांतून मांडलं. संशोधन त्यांनी थांबवलं नाही. प्रश्न कोणाकडून घ्यायचा ते बदललं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी झाली. 92 टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. अंगावरून जाणारं रक्त, जास्त जाणारं, न थांबणारं, हे बाईनं बाईला कुजबुजत सांगायचं दुखणं 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पोचलं. पुढे 39 गावांतल्या साध्याशा शिकलेल्या बायकांनी घरोघर नवजात बाळं सांभाळली आणि बालमृत्यू उतरले.

शेवटचा मुक्काम बघायलाच हवा. नव्वदच्या दशकात या, धानोरा रस्त्यानं चातगावजवळ. याला शोधग्राम म्हणतात. दवाखाना कुठे आहे म्हणून तुम्ही मान वर करून इमारत शोधाल. नाही सापडणार. झोपड्यांची रांग आहे, मध्ये अंगण, चुलीचा धूर, कोणाच्या तरी भाताला कढ आलाय. सरकारी दवाखान्यात का जात नाही, असं आदिवासींना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं: एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. पेशंट आत, आम्ही बाहेर, असं कसं चालेल? तिथं डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढरं कापड मढ्याला गुंडाळतो. आणि तिथं देव कुठाय? म्हणून इथं नातेवाईक रुग्णाबरोबर झोपडीतच राहतात, तिथंच रांधतात. दवाखान्याचं नाव माँ दंतेश्वरी. डॉक्टरांना लोक 'नायना' म्हणतात, डॉक्टरीणबाईंना 'अम्मा'.

रांगेत बसा आणि लक्ष द्या. एक बाई येते, बाकड्यावर टेकते आणि कोणी काही म्हणायच्या आधी बाही वर सरकवते. "घ्या जी." तिनं हिमोग्लोबिन वाचलेलं नाही. रक्त नेलं की निरोप परत येतो, हे तिला ठाऊक झालंय.

चला, परत 2020च्या दशकात. एवढ्यात बरंच बदललंय. नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कमी मात्रेत देऊनही सिकलसेलच्या मुलांच्या वेदनांचे झटके कमी होतात हे दाखवलं. साधी गोळी आहे, महागही नाही. ज्या चंद्रपूरच्या स्टँडवर तुम्ही दुपट्टा टाकून सीट धरलीत, त्या चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी आयसीएमआरचं संशोधन केंद्र उभं राहिलंय. 11 डिसेंबर 2022 ला त्याचं लोकार्पण झालं. जुलै 2023 मध्ये देशानं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवून. हिमोफिलियाचा आठवा घटक आता कुपीत मिळतो, महाराष्ट्रात काही सरकारी रुग्णालयांत त्यासाठी डे केअर केंद्रं आहेत, आणि 2016 च्या कायद्यानं हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे तिन्ही दिव्यांगत्वाच्या यादीत आले.

अडचण उरलीय ती म्हातारीच्या प्रश्नाची. तपासणीचं कार्ड घरी येतं आणि पेटीच्या तळाशी जातं, कारण मुलगी वाहक आहे हे कळलं तर स्थळ मोडेल. कार्डावर काय लिहिलंय, त्याचं पुढे काय करायचं, हे पाराखाली बसून समजावणारं माणूस आलं नाही, तर सगळी यंत्रं असूनही 1987 चं गोदामच बरं होतं म्हणायची पाळी येईल.

तुमच्यापुरतं एवढं करा. तुम्ही विदर्भातले असा, खानदेशातले असा किंवा तुमच्या घरात कोणाला वारंवार कावीळ आणि हाडदुखी होत असेल, तर लग्न ठरायच्या आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. वाहक असणं हा आजार नाही. दोन वाहकांनी न सांगता-न कळता संसार मांडणं, त्यात धोका आहे. मुलाचा सांधा किरकोळ लागण्यानं सुजत असेल, दात पडल्यावर रक्त थांबत नसेल, तर चोळू नका, डागू नका, रक्त गोठण्याची तपासणी करा. मुलीची पाळी आठवडाभराहून जास्त आणि फार जात असेल, तर तिलाही तीच तपासणी लागू शकते. साप चावला तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, थेट दवाखाना गाठा. सिकलसेलची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. ती करून घ्या, आणि रक्त घेणाऱ्याला निकाल नीट समजावून सांगायला लावा.